रिमांडच्या कागदात न मावणारा आजार

देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५,७३,२२० माणसं होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या त्या वर्षीच्या अहवालात त्यांतले मानसिक आजारी कैदी नऊ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. आता दुसरा आकडा. बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात ‘निमहान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी ५,०२४ कैद्यांची तपासणी केली, त्याचा अहवाल २०११ साली आला. दारू, गांजा, तंबाखूचं व्यसन बाजूला काढल्यावरही १,३८९ जणांना, म्हणजे २७.६ टक्के कैद्यांना, निदान करण्याजोगा मानसिक विकार निघाला. व्यसन धरलं तर प्रमाण ७९.६ टक्क्यांवर जातं.

ही दोन्ही मापं सारखी नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. बंगळुरूच्या आकड्यात नैराश्य, चिंताविकार असं सगळं आलं. म्हणून नुसता तीव्र आजार घेऊ. संशोधक सीना फाझेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २४ देशांतल्या ३३,५८८ कैद्यांवरचे अभ्यास २०१२ साली एकत्र मांडले. त्यात सायकोसिसचं, म्हणजे कानात आवाज येणं, अकारण संशय, वास्तवाचं भान सुटणं अशा आजाराचं प्रमाण पुरुष कैद्यांत ३.६ टक्के होतं. हाच दर ढोबळमानाने आपल्याकडे लावला तर एकट्या सायकोसिसचे कैदी वीस हजारांवर जातात. सरकारी नोंदीत सगळे मानसिक आजार मिळून नऊ हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त आजारी माणसं तुरुंगात आहेत, पण वहीत नाहीत. महाराष्ट्रात त्याच वर्षअखेर ३२,८८३ कच्चे कैदी होते. तोच दर लावला तर त्यांत सुमारे बाराशे जण असे असतील, ज्यांच्यावर गुन्हा अजून शाबित झालेला नाही आणि ज्यांना आपल्यावर काय आरोप आहे हेही धड उमगत नाही.

हा हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावपर्यंत आणू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि खामगाव शहराची ९४ हजारांच्या घरात. जिल्ह्यातले प्रौढ साधारण दोन तृतीयांश धरले तर सतरा लाख. ‘निमहान्स’च्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसचे चालू रुग्ण प्रौढांच्या ०.४ टक्के निघाले आणि त्यांतल्या ७५.५ टक्क्यांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे जिल्ह्यात सहा-सात हजार रुग्ण आणि त्यांतले पाच हजार विनाउपचार. एकट्या खामगाव शहरात सुमारे अडीचशे रुग्ण, पावणेदोनशे ते दोनशे विनाउपचार. या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेश होता. जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या पलीकडे डोंगर ओलांडला की तेच राज्य लागतं, म्हणून हा अंदाज फार चुकणार नाही असं मला वाटतं.

या दोनशेंपैकी बहुतेक जण कधीच कुणाच्या वाटेला जात नाहीत. ज्यांचं नाव पोलिसांच्या डायरीत येतं त्यांचे गुन्हे किरकोळ असतात: विनातिकीट प्रवास, रेल्वेच्या हद्दीत फिरणं, दुकानासमोर आरडाओरड, उचललेली एखादी वस्तू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडणं हाही गुन्हा आहे, आणि रात्रभर रस्त्यावर चालत राहणाऱ्या आजारी माणसाला संशयास्पद नसणं जमणार तरी कसं? १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदाही राज्यात अजून आहे. त्याखाली भिक्षेकरीगृहात एक ते तीन वर्षं ठेवता येतं.

ब्रोवर्डची वाट

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रोवर्ड काउंटीत जून १९९७ मध्ये न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांच्यासमोर अशा किरकोळ, अहिंसक गुन्ह्यांतल्या मानसिक आजाऱ्यांचं वेगळं कामकाज सुरू झालं. त्याआधी १९८९ मध्ये मायामीत व्यसनींसाठी तसं न्यायालय निघालं होतं. पद्धत सोपी होती. आरोपी राजी असेल तर खटला थांबवायचा, उपचाराचा आराखडा ठरवायचा, आणि दर काही आठवड्यांनी त्याच न्यायाधीशासमोर हजेरी. गोळ्या घेतो का, राहायला जागा आहे का, डॉक्टरकडे गेला का, एवढीच चौकशी. वर्ष-दीड वर्ष नीट गेलं की आरोप मागे. आज तिकडे अशी ‘उपचार न्यायालयं’ शेकड्यांत आहेत.

उपयोग किती झाला? चार शहरांतल्या अभ्यासात उपचार न्यायालयातले ४४७ आणि नेहमीच्या वाटेने गेलेले ६०० जण तपासले गेले. पहिल्या गटाच्या अटका आणि तुरुंगातले दिवस कमी भरले. मात्र २०१८ मध्ये सतरा अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा पुन्हा गुन्हा करण्यावरचा एकूण परिणाम लहानच निघाला. टीकाही आहे. किरकोळ गुन्ह्यात चार दिवसांत सुटला असता असा माणूस उपचाराच्या नावाखाली वर्षभर देखरेखीत अडकतो, आणि कित्येक ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो.

माझ्या मते या वादात एक गोष्ट मागे पडते. हे न्यायालय उपचार निर्माण करत नाही. उपचाराच्या रांगेत एका माणसाला पुढे आणतं, एवढंच. रांगेच्या टोकाला डॉक्टरच नसेल तर न्यायाधीशाच्या हातात देण्यासारखं काय उरतं?

तीनशे किलोमीटरची खाट

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा २,५४० खाटा, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. बेरीज ५,६९५. २०११ च्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला भागलं तर साधारण वीस हजार माणसांमागे एक खाट येते. विदर्भाच्या वाट्याला नागपूर. दोन कोटी तीस लाखांना ९४०, म्हणजे साडेचोवीस हजारांमागे एक. खामगावहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. कैद्याला तिथे न्यायचं तर वाहन हवं, एस्कॉर्टचे पोलीस हवेत, जाऊन-येऊन अख्खा दिवस हवा. यात्रा, निवडणूक, सण, बंदोबस्त यांतलं काही आलं की एस्कॉर्ट मिळत नाही, आणि एस्कॉर्ट नाही म्हणून तारीख हुकली हे वाक्य कोर्टाच्या आवारात नवं नाही.

तुरुंगाच्या आतली स्थिती तर आणखी तोकडी. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे पाचशे कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हवा. त्या मापाने देशाला साडेअकराशे लागतात. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ प्रमाणे देशभरच्या तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून आहेत पंचवीस. एकाच्या वाट्याला २२,९२९ कैदी.

आणि आता या सगळ्यातली सर्वांत विचित्र तरतूद. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे मानसिक आजारी कैद्याला तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातल्या मानसोपचार कक्षात, तो नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने मनोरुग्णालयात हलवायचं. हेतू चांगलाच आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला या मंडळाला अहवाल पाठवायचा आणि त्यात ‘तुरुंगात मानसिक आजारी कैदी नाहीत’ असं प्रमाणित करायचं. किती आहेत हे कळवायचं नाही, नाहीत हे कळवायचं! शून्याची अपेक्षा ठेवूनच नमुना बनवला की शून्य येतं. नऊ हजार आणि वीस हजार यांतल्या दरीचं एक कारण मला इथे दिसतं.

कायद्यातल्या चार खिडक्या

भारतात उपचार न्यायालय अशी स्वतंत्र व्यवस्था कायद्याने उभी केलेली नाही. तरी तिची हाडं वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक तरतुदी खामगावच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला आजही वापरता येतात.

पहिली खिडकी पोलीस ठाण्यातच आहे. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा आजारी माणूस सापडला तर ठाणेदाराने त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवायचं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, कुठल्याही परिस्थितीत. दुसरी, कलम १०२. न्यायदंडाधिकारी अशा माणसाला तपासणीसाठी मानसिक आरोग्य संस्थेत दहा दिवसांपर्यंत दाखल करायला सांगू शकतात. तिसरी व्यसनींसाठी: अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ मध्ये थोड्या मालासकट सापडलेल्या व्यसनी आरोपीला, दोषी ठरल्यावर, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवण्याची सोय आहे.

चौथी खिडकी सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३३० २००९ साली बदललं. जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६९ म्हणून आलं आहे. आजारामुळे आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नाही असं ठरलं, दाखल करून घेण्याची गरज नसली, आणि एखादा मित्र किंवा नातेवाईक त्याला जवळच्या दवाखान्यात नियमित नेण्याची हमी देत असला, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचं असतं. जामीन द्या आणि उपचाराची अट घाला. ब्रोवर्डमध्ये तरी वेगळं काय होतं?

वेगळं आहे ते असं. समजा, एकाने आठवडी बाजारात मोबाइल उचलला. किंमत आठ हजार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांच्या आतली चोरी असती, पहिलीच असती आणि वस्तू परत केली असती, तर शिक्षा होती सामाजिक सेवेची. आठ हजारांमुळे गुन्हा अजामीनपात्र झाला, कमाल शिक्षा तीन वर्षं. अटकेनंतर सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे नोंदवायचं ते अंगावरच्या इजा आणि मारहाणीच्या खुणा. मनाबद्दल विचारा, असं ते कलम सांगत नाही. मग चोवीस तासांच्या आत कोर्टासमोर. पोलीस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात किंवा थेट एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, घेतात. पुकारा होतो, नाव विचारलं जातं, तो काहीतरी पुटपुटतो किंवा गप्प राहतो. मारहाणीची तक्रार आहे का? उत्तर नाही. पुढची तारीख. रोजच्या बोर्डावर पंचवीस-तीस प्रकरणं असली तर त्या गप्पपणात भीती आहे, आडमुठेपणा आहे की आजार, हे ओळखायला न्यायाधीशाकडे दोन मिनिटंही नसतात. आणि न्यायदंडाधिकाऱ्याला संशय आल्याशिवाय पुढची वाट उघडतच नाही. संशय आला तर जिल्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवायचं, म्हणजे पन्नास किलोमीटरवर बुलढाण्याला, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा, त्याचा सातबारा किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. आजारी माणसासाठी शेत कोण गुंतवतो? घरचे दमलेले असतात, कित्येकदा त्यांना पत्ताही नसतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर आरोपी निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावा असा नियम आहे, पण आठ हजारांचा मोबाइल त्या रेषेच्या पलीकडे पडलेला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडायचं. तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. गोळ्यांविना एक वर्ष.

वर्षावर थांबलं तर नशीब म्हणायचं. आसामचे माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये पकडलं. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने १९६७ मध्ये ते बरे असल्याचं कळवलं. सुटले २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, चोपन्न वर्षांनी. त्याच्या आधीच, १९९३ साली, मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य ठरवलं होतं. कायदा लिहून झाल्यावरही माणूस आत राहू शकतो, याला दुसरा पुरावा नको.

सैलानी आणि पळसखेड

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला एक खास कोपरा आहे. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. ‘बाहेरचं’ झालंय, लागीर झालंय म्हणून राज्याबाहेरूनही माणसं आणली जातात. कुणी महिना राहतं, कुणी वर्ष. साखळीने बांधलेले रुग्ण तिथे पाहिलेले लोक जिल्ह्यात आजही भेटतील. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मानसिक आजाऱ्याला साखळीने बांधायला आता बंदी आहे. तमिळनाडूच्या एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये अठ्ठावीस बांधलेली माणसं आगीत जळाली, त्यानंतरच देशाने या साखळ्यांकडे नीट पाहिलं. सैलानीला आणणाऱ्या घरच्यांना मी दोष देणार नाही. जिल्ह्यात पाच हजार विनाउपचार असतील, तर दर्गा हाच अनेकांचा पहिला दवाखाना ठरणार. अडचण नंतरची आहे. माणूस बरा होत नाही, पैसे संपतात, घरचे निघून जातात. मागे राहिलेला माणूस चालू लागतो, आणि चालत चालत पोलिसांच्या डायरीत येतो.

अशांना हात देणारी कामंही याच जिल्ह्यात आहेत. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे यांचं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आसरा देतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था हेच काम करते, रुग्णांना बरं करून थेट त्यांच्या गावी पोहोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. पण कलम ३६९ मधल्या ‘मित्र किंवा नातेवाईक’ या शब्दांत अशी संस्था बसते का? मला वाटतं, बसायला हवी. ज्याला कुणीच नाही त्याचा मित्र म्हणून संस्थेने हमी द्यावी आणि न्यायालयाने ती मानावी, एवढं एका तालुक्यात रुळलं तरी मोठं काम होईल.

खामगावला स्वतंत्र उपचार न्यायालय काढा, असं म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही. नवी इमारत, नवा बोर्ड आणि तीच रिकामी रांग. लागणारी माणसं बरीचशी आधीच पगारावर आहेत. जिल्हा परिविक्षा अधिकारी आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलेल्यांवर देखरेख ठेवणं हे त्याचंच काम. गरिबांची बाजू फुकट लढवणारे लोकअभिरक्षक आहेत. कोठडीतल्या आणि मानसिक आजारी माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२४ मध्ये मानसिक आजाऱ्यांसाठी नवी योजना काढली, ‘मनोन्याय’ नावाच्या पथकांसह. नाही ती एकच व्यक्ती: कोर्ट, दवाखाना आणि घर या तिघांत चकरा मारणारी. ब्रोवर्डमध्ये न्यायाधीशाचं नाव झालं, पण काम तिथेही अशा माणसाने ओढलं.

असा माणूस वऱ्हाडात मिळत नाही असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या जोरावर नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेलं. २०१७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि सायकोसिस एक नव्हे, तेव्हा हाच आकडा जसाच्या तसा इथे लागू होईल असं नाही. पण त्यासाठी नवं मनोरुग्णालय बांधावं लागलं नव्हतं. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बुलढाणा आहेच, म्हणजे घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करण्याची सवय आशा कार्यकर्तींना आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चालू आहे. डॉक्टर खामगावला येऊ शकत नसेल तर रिमांडच्या वेळी पडद्यावर तरी येऊ शकतो. कैद्यांची पेशी पडद्यावर होते, मग तपासणी का नाही?

हे करायचं तर आधी चार आकडे हवेत. गेल्या वर्षात जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांनी कलम १०० खाली किती जणांना दवाखान्यात पोहोचवलं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी कलम १०२ चे किती आदेश दिले. कलम ३६९ प्रमाणे उपचाराच्या अटीवर किती जामीन झाले. आणि बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहाने पुनर्विलोकन मंडळाला पाठवलेल्या चार तिमाही अहवालांत काय लिहिलं होतं. पोलीस अधीक्षक, जिल्हा न्यायालय आणि कारागृह या तीन कार्यालयांकडे तीन अर्ज करावे लागतील. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.